उपासाच्या दिवशीचा गोड बन

इंग्लंडात गुड फ्रायडेच्या सकाळी न्याहारीला एक खास बन खातात. मुठीएवढा, तपकिरी, वरून साखरेच्या पाकाने चकाकणारा; आत काळ्या मनुका आणि पाकात मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल; माथ्यावर मैद्याची पांढरट फुली. नाव हॉट क्रॉस बन. गरम असताना फोडला की दालचिनी, जायफळ आणि लवंगेचा वास येतो. कुठल्याही घरात असा वास आला तर आज काहीतरी सण आहे असंच वाटेल. दिवस मात्र येशूला क्रुसावर चढवलं तो, म्हणजे ख्रिस्ती वर्षातल्या सगळ्यांत कडक उपासाचा. शोकाच्या दिवशी हा गोडवा कसा काय चालतो?

उत्तर शोधायचं तर आधी ईस्टरचे बाकीचे पाव बघावे लागतात. रशियात कुलिच असतो, उंच, डब्यात भाजलेला. ग्रीसमध्ये त्सुरेकी, वेणीसारखा गुंफलेला, त्यात लाल रंगवलेलं उकडलेलं अंडं खोचलेलं. इटलीत कोलोम्बा, कबुतराच्या आकाराचा. या सगळ्यांत अंडी आणि लोणी सढळ हाताने घातलेलं असतं आणि हे सगळे पाव रविवारचे, उपास सुटल्यानंतरचे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात मांस तर वर्ज्यच, पण जुन्या नियमाप्रमाणे अंडी, दूध, लोणीही बंद. कोंबड्यांना अर्थातच हा नियम कुणी सांगितलेला नसतो. वसंतात दिवस मोठा होतो आणि त्या नेमक्या याच वेळी जास्त अंडी घालतात. घरात अंड्यांचा ढीग साचतो. ईस्टरला अंडी रंगवणं आणि पावात डझनावारी बलक घालणं, यामागे धर्म आहेच, पण साठलेला माल संपवायची गृहिणीची निकडही आहे.

इंग्रजांचा बन मात्र रविवारपर्यंत थांबत नाही. तो शुक्रवारचा, उपास अजून चालू असतानाचा. लोणी-अंड्यांची चैन त्याला करता येण्यासारखी नव्हती. मग चालण्यासारखं काय उरलं? सुकामेवा आणि मसाले. दोन्ही झाडांपासून येतात, त्यामुळे उपासाला चालतात. मध्ययुगातल्या युरोपात श्रीमंतांची उपासाची पानं याच जिनसांनी भरलेली असत: बदामाचं दूध, अंजीर, मनुका, केशर, दालचिनी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हा अनुभव काही आपल्यापुरता नाही. एक दार बंद केलं की जीभ दुसरं शोधते, आणि नियमाने जे चालू ठेवलंय त्याच्यातच सगळं कसब ओतते. साबुदाण्याला आपल्याकडे जे भाग्य लाभलं, ते तिथे मनुका-मसाल्यांना लाभलं असं मी समजतो. आजच्या बनात दूध, लोणी, अंडं सर्रास असतं हे खरं. सोळाव्या शतकात इंग्लंडने पोपशी फारकत घेतल्यावर उपासाचे नियम सैल होत गेले आणि हे जिन्नस आत येऊ शकले. पण बनाची ओळख आजही त्यांच्यावर नाही. लोणी कमी पडलं तर बन जरा कोरडा होईल. मसाला काढला तर तो क्रॉस बन राहणारच नाही.

हा मसाला त्या काळी किती लांबून येत होता, तेही बघण्यासारखं आहे. जायफळ आणि जायपत्री बांदा बेटांवरून, लवंग मलुकू बेटांतून, दालचिनी श्रीलंकेतून. सोळाव्या शतकात या व्यापाराचा मोठा हिस्सा पोर्तुगीजांच्या हातात होता आणि त्यांची जहाजं गोवा आणि कोची इथून माल भरून लिस्बनला जात. लंडनच्या भट्टीतल्या बनाला लागलेली लवंग मांडवीच्या तोंडातून बाहेर पडली असण्याची शक्यता चांगलीच आहे. एवढी महाग वस्तू रोजच्या पावात कोण घालणार? ती राखून ठेवायची, ठरावीक दिवसांसाठी.

हे ‘ठरावीक दिवस’ पुढे सरकारनेच ठरवून टाकले. 1592 मध्ये लंडनच्या बाजार-अधिकाऱ्याने हुकूम काढला की मसाल्याचे बन फक्त तीन प्रसंगी विकायचे: अंत्यविधी, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस. हुकूम मोडला तर माल जप्त करून गरिबांना वाटायचा. गरिबांनी त्या वर्षी बेकरांच्या लबाडीसाठी देवाची प्रार्थना केली असेल तर नवल नाही. बन दानात देण्याची परंपरा तशी जुनी सांगतात. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स गावच्या मठात 1361 मध्ये एका साधूने असे बन भाजून गुड फ्रायडेला गरिबांना वाटले, अशी तिथली कथा आहे. त्या गावचा बन आजही वेगळा ओळखू येतो. त्यावर मैद्याची फुली नसते, कणकेवर सुरीनेच चिरा दिलेल्या असतात.

बनात उपास किती मुरलेला आहे याची सगळ्यांत चांगली साक्ष मिळते ती डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या न्याहारीत. इंग्रजी शब्दकोश रचणारा हा जाडजूड, चहाबाज माणूस. त्याचा चरित्रकार बॉस्वेल 1783 च्या गुड फ्रायडेला त्याच्याकडे गेला, तेव्हा जॉन्सन त्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे बिनदुधाचा चहा घेत होता आणि सोबत एक क्रॉस बन खात होता. कशासाठी, तर उपासाने घेरी येऊ नये म्हणून. नंतर दोघे चर्चला गेले. चहातलं दूध वगळलं, पण बन ठेवला. बनाची जागा यापेक्षा नेमकी कुणी दाखवली असेल असं मला वाटत नाही: उपास मोडू द्यायचा नाही, आणि माणसालाही मोडू द्यायचं नाही.

भट्टीपाशीही मसाला आपला हट्ट सोडत नाही. दालचिनी आणि लवंगेतली तेलं यीस्टला मानवत नाहीत, ती त्याची वाढ रोखतात. साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे यीस्टची आणखी कोंडी होते. साध्या पावाचं पीठ तासाभरात दुप्पट होतं, तेव्हा बनाचं पीठ अजून आळसावलेलंच असतं. म्हणून जाणते बेकर आधी नुसतं पीठ, दूध आणि यीस्ट कालवून आंबवून घेतात आणि मसाला, साखर, लोणी मागाहून मळतात. मनुका तर अगदी शेवटी, नाहीतर मळताना त्या फुटून पीठ काळपट होतं. हा वेळ देणं परवडत नसेल तर एकच पळवाट उरते: मसाला कमी करायचा.

हल्ली ब्रिटनच्या दुकानांत ख्रिसमस ओसरला की लगेच पाकीटबंद क्रॉस बन दिसू लागतात. चॉकलेटचे, चीजचे, खारट कॅरॅमलचे. लोक कुरकुरतात की सण अलीकडे ओढला. माझी तक्रार तारखेबद्दल नाही. ज्या दिवशी सगळंच चालतं, त्या दिवशी मसाल्यावर विसंबायचं कारण राहत नाही; मग तो नावापुरता उरतो आणि गोडी साखरेवर टाकली जाते. पाकिटातला बन कापून, भाजून, वर लोणी थापल्याशिवाय खाववत नाही ते त्यामुळेच. चीजच्या बनाला मी काय म्हणू? बरा लागतो. फक्त त्यावर फुली कशाला, हे कळत नाही.

मुंबईत वांद्र्याच्या, भायखळ्याच्या जुन्या बेकऱ्यांतही हा बन इंग्रजांबरोबर आला आणि कॅथलिक घरांत टिकला. आजच्या नियमानुसार गुड फ्रायडेला एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा किरकोळ काही चालतं, मांस नाही; काळ्या चहाबरोबर एक बन त्यात चपखल बसतो. घरी करून बघायचा असेल तर इंग्रजी पुस्तकांतली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. ती थंड स्वयंपाकघरांसाठी लिहिलेली असते, आणि आपल्याकडे एप्रिलात ओट्यावर बत्तीस-तेहेतीस अंश असतात. अर्धा किलो मैद्याला पुस्तक सात ग्रॅम कोरडं यीस्ट सांगेल, चार-पाच पुरतं. मसाला मात्र सांगितल्यापेक्षा थोडा वाढवावा. उकाड्याने यीस्टला जी घाई सुटते, तिला दालचिनी-लवंगच आवर घालते. जायफळ पुरणापुरतं घरात असतंच. ते आयत्या वेळी किसावं, पुडीतलं वापरू नये.