सामना पाहायला आलेला पाहुणा

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना झाला. त्याच्या काही महिने आधी शहरातल्या हॉटेलांचे भाव कित्येक पटींनी चढले आणि वर्तमानपत्रांत एक गमतीची बातमी झळकली. बाहेरगावचे शौकीन रुग्णालयांना फोन करून फुल बॉडी चेकअपची चौकशी करत होते. तपासणीसोबत एक रात्र मुक्काम, सोबतच्या माणसाला पलंग आणि दोन्ही वेळचं जेवण मिळतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. लोक हसले. पण या बातमीत एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. आजाऱ्याला खाट मिळते, यात्रेकरूला धर्मशाळा मिळते, खेळाडूला संघाचं हॉटेल मिळतं. निव्वळ बघायला आलेल्या माणसाचं काय? तो कोणाचा पाहुणा?

हा प्रश्न अहमदाबादपेक्षा सोनाळ्यासारख्या गावात जास्त उघडा पडतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. वर अंबाबरवा अभयारण्याचं जंगल, खाली कपाशी आणि ज्वारीची काळी जमीन. गावात संत सोनाजी महाराजांचं संस्थान आहे, यात्रा भरते, आणि यात्रेकरूला कुठे जेवू घालायचं हा प्रश्न असल्या गावाने कधीच सोडवलेला असतो. या पट्ट्यात, एकूण सगळ्या वऱ्हाडात, थंडीच्या दिवसांत कबड्डीचे खुले सामने भरतात. हॅलोजनच्या उजेडात रात्रभर चालतात. पत्रकावर बक्षिसांची यादी असते आणि खाली ठरलेली ओळ असते, की बाहेरगावच्या संघांची जेवणाची आणि राहण्याची सोय मंडळातर्फे केली जाईल. त्याच्याही खाली ठळक अक्षरांत विनंती असते, की क्रीडाप्रेमींनी हजारोंच्या संख्येने उपस्थित राहावे.

म्हणजे सोय संघांची, आणि निमंत्रण हजारोंना!

पुढचं चित्र वऱ्हाडात कोणीही डोळे मिटून सांगेल. जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडतात. खेळाडूंची पंगत बसते, वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात. मैदानाच्या कडेला दोरीला टेकून शेजारच्या गावांची पोरं उभी असतात, कानाला गमछा गुंडाळून. शेवटची एसटी कधीच निघून गेलेली. एक भज्याची गाडी, एक चहाची टपरी, एक शेंगदाणेवाला. उपांत्य सामना रात्री एकला सुरू होतो आणि सातपुड्याकडून वारा उतरायला लागतो. अशा वेळी गावातला एखादा म्हातारा त्या पोरांना हटकून दोन प्रश्न विचारतो: “कोन गावचे?” आणि “कोनाकडे आले?” पहिल्याचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्याला पोरं नुसती मैदानाकडे हात करतात. खेळाकडे आलो. खेळाला घर नसतं, ही खरी अडचण आहे.

धर्मग्रंथांनी पाहुण्याचा विचार बारकाईने केलेला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आई, वडील आणि गुरू यांच्या रांगेत अतिथीला देव मानायला सांगितलं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तर पाहुण्यांची मोजदादच आहे. एक रात्र राहील तो अतिथी. सूर्य मावळताना दाराशी आलेल्याला परत पाठवू नये, वेळेवर येवो की अवेळी, तो उपाशी राहू नये. इथपर्यंत वाचून कोणाचीही मान डोलेल. पण लगेच वगळण्याची यादी सुरू होते. आपल्याच गावचा अतिथी नव्हे. लोकांत मिसळून, गप्पागोष्टींवर पोट भरणारा अतिथी नव्हे. ब्राह्मणाच्या घरी क्षत्रिय आला तर तो अतिथी म्हणायचा नाही, त्याला नंतर वाढायचं. वैश्य आणि शूद्र आले तर दयेपोटी, नोकरांसोबत. एक धमकीही आहे. जो पाहुणचार झोडत घरोघर फिरतो, तो मेल्यावर अन्न देणाऱ्याचं जनावर होतो. शंकरपटाच्या शर्यतीतल्या काही बैलजोड्यांकडे बघताना ही शिक्षा फार वाईट वाटत नाही, तो भाग वेगळा. या सगळ्या यादीत शौक म्हणून दूरवर आलेल्या, खिशात थोडे पैसे असलेल्या आणि कोणाचंही काम नसलेल्या माणसाला जागा नाही.

गीतेने सतराव्या अध्यायात दानाला देश, काळ आणि पात्र या तीन कसोट्या लावल्या. कबड्डी बघणारा पात्र कसा ठरायचा? तो भुकेकंगाल नाही, साधू नाही, त्याला खाऊ घालून पुण्य लागेल असं कोणी सांगितलेलं नाही. याच पट्ट्यातून, त्याच घरांसमोरून, पालखी गेली असती तर प्रश्नच आला नसता. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची पंढरपूरला जाणारी पालखी १९६८ पासून निघते. तिच्या मुक्कामाचा मान आपल्या गावाला मिळावा म्हणून लोक धडपडतात. वारकरी आपणहून निघालेला असतो, त्याला कोणी जबरदस्ती केलेली नसते. कबड्डीचा शौकीनही आपणहूनच आलेला असतो. फरक एवढाच, की वारकऱ्याला वाढताना आपल्या ताटात पुण्याचा वाटा पडतो. हिशेबाने बघितलं तर तो व्यवहार झाला, फार सुंदर व्यवहार, पण व्यवहारच.

खेळ बघणाऱ्यांच्या हालांचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसच्या तत्त्वज्ञांनाही पडला होता. ऑलिंपियाचे खेळ हा झेउसचा उत्सव होता, आणि झेउस हाच परक्या पाहुण्यांचाही रक्षक मानला जाई. तिथे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नॅक्सॉस बेटाच्या लिओनिदासने भलंमोठं अतिथिगृह बांधलं. ते बड्या लोकांसाठी होतं. बाकीचे हजारो लोक तंबूत किंवा उघड्यावर झोपत. एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्ववेत्ता शिष्यांना ऑलिंपियातलं ऊन, गर्दी, अंघोळीचे हाल आणि कल्लोळ यांची आठवण करून द्यायचा. एवढं सगळं खेळासाठी सोसता, मग आयुष्यातल्या अडचणींवर कुरकुर का, असा त्याचा सवाल होता. इलियनने प्लेटोची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ऑलिंपियात तो अनोळखी लोकांच्या तंबूत राहिला, त्यांच्यासोबत जेवला, नुसतं नाव सांगितलं, आपण कोण ते सांगितलं नाही. पुढे ते लोक अथेन्सला आले, त्याच्याकडे उतरले आणि म्हणाले, तुझ्या नावाचा तो प्रसिद्ध सॉक्रेटिसचा शिष्य आम्हाला दाखव. तंबूत नावापलीकडे काही विचारायची कोणाला गरज पडली नव्हती.

सगळ्यात मजेशीर भांडण झालं ते पाण्यावरून. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हेरोडेस अ‍ॅटिकस या धनिकाने ऑलिंपियात दुरून पाणी आणलं आणि प्रेक्षकांची तहान भागवली. पेरेग्रिनस नावाच्या सिनिक साधूने त्यावर टीकेची झोड उठवली: याने ग्रीक लोकांना बायकी केलं, प्रेक्षकांनी तहान सोसलीच पाहिजे! लूशियन लिहितो, की हे बोलत असताना तो स्वतः तेच पाणी पीत होता. लोक दगड घेऊन धावले तेव्हा त्याला झेउसच्या वेदीचा आसरा घ्यावा लागला. आपल्याकडेही सोय केली की पोरं शेफारतात असं म्हणणारे असतात, आणि त्यांच्याही हातात बहुधा मंडळाचाच चहा असतो.

१७९५ साली इमानुएल कांटने चिरशांतीवर निबंध लिहिला. त्यात परक्याचे दोन हक्क त्याने वेगळे केले. पृथ्वी सगळ्यांची आहे, म्हणून कोणालाही कुठेही जाता यावं आणि त्याला शत्रूसारखं वागवू नये, हा भेट देण्याचा हक्क. पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क मात्र नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. हे सुबक आहे, पण न बोलावता आलेल्यापुरतं. कबड्डीचा शौकीन न बोलावता आलेला नाही. त्याला पत्रकाने बोलावलं, रिक्षावरच्या भोंग्याने बोलावलं. मनूने विचार केला दाराशी अवचित येणाऱ्याचा, कांटने सीमेवर येणाऱ्याचा. हजारोंच्या संख्येने बोलावलेल्याचा विचार दोघांनीही केला नाही. पाहुण्याची पात्रता तपासत बसण्याआधी बोलावणाऱ्याचं बोलणं तपासावं, कारण देणं त्याच्याकडे लागतं. अहमदाबादचा सामनाही साऱ्या जगाला ओरडून सांगितला होता. बोलावून घ्यायचं आणि मग खोलीचा भाव दहापट सांगायचा, याला धंदा म्हणता येईल. आतिथ्य म्हणायचं असेल तर तोंड लपवावं लागेल.

आणि सोय झाली तरी ती सगळ्यांना सारखी मिळते, हे गृहीत धरू नये. दलित समाजातला पळवणकर बाळू हा हिंदुस्थानचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्याच्या चेंडूंना सवर्ण खेळाडू टाळ्या वाजवत, पण चहाच्या सुट्टीत बाळूला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणही वेगळ्या टेबलावर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसाने शंभराहून जास्त बळी घेतले. खेळाडूची ही गत, मग त्याच्या वस्तीतून सामना बघायला आलेल्याने चहा कुठे प्यायचा? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं कुस्तीमैदान उभं केलं. त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित माणसाला चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, सोबतच्या बड्यांनाही पाजला. मैदान आणि चहाची कपबशी ही दोन्ही कामं एकाच माणसाने हाती घेतली, हे कुस्तीच्या इतिहासात क्वचितच सांगितलं जातं. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याच जखमेवर. धर्माच्या गावी धर्मशाळांची दारं ज्यांना बंद होती, त्यांच्यासाठी.

वऱ्हाडाकडे याचं उत्तर शोधायचं तर शेगावला जावं लागतं. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज लोकांच्या पहिल्यांदा दृष्टीस पडले ते देवीदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. आत पंगत उठत होती, बाहेर न बोलावलेला माणूस उरलंसुरलं खात होता. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी ते पाहिलं आणि त्यांना ताट आणून दिलं. एका गावाचं सारं अन्नदान या प्रसंगातून वाढलं आहे, आणि त्यात पात्रता तपासायला वेळच नव्हता. आज संस्थानात महाप्रसाद आहे, भक्तनिवास आहे, सेवा म्हणून राबणारे हजारो सेवाधारी आहेत. शिवशंकरभाऊ पाटील यांनी या कारभाराला जी शिस्त लावली, तिचे दाखले व्यवस्थापनाचे लोक देतात. भक्तनिवासाचे पैसे लागतात, पण माफक. दान आणि धंदा यांच्यामध्ये एक तिसरी जागा असू शकते, हे तिथली पावती दाखवते.

शेगावच्याच स्टेशनवर वेगळाच धडा आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी इथे कचोरी विकायला घेतली. गाडीतल्या माणसाला दर्शनाचं काही नाही, दोन मिनिटांचा थांबा आहे, भूक आहे. तो पैसे टाकतो, गरम कचोरी आणि तळलेली मिरची घेतो आणि निघतो. कोणी त्याला भक्त आहेस का विचारत नाही. क्रीडाप्रेमीला खरं तर एवढंच हवं असतं: रास्त भाव, गरम अन्न, आणि पाठ टेकायला कोरडी जागा.

यावर गावातला शहाणा माणूस जे म्हणतो ते खोटं नाही. कबड्डीला आलेल्यांत दोन-चार पिऊन आलेले असतात. पंचाच्या एका निर्णयावरून खुर्च्या उडतात. अशा रात्री घरात पोरीबाळी असताना अनोळखी टोळक्याला ओसरी कोण देईल? कोणी देऊही नये. वारीला दिंडीप्रमुख असतो, त्याच्या शब्दावर घर उघडतं. प्रेक्षकांचा कोणी विणेकरी नसतो. म्हणून हा भार एकेका घरावर टाकणं अन्याय आहे. ज्याने पत्रक छापलं त्याने तो उचलायचा. शाळेची एक खोली, सभामंडपाचा कोपरा, मोठ्या पातेल्यात मसालेभात आणि शेजारी डबा, ज्याला जमेल त्याने पैसे टाकावे. लागलं तर पोलिसपाटलाने एक फेरी मारावी.

खर्च फार नाही. सामन्यांच्या वेळी भोंग्यावरून देणगीदारांची नावं पुकारली जातातच: पहिलं बक्षीस अमक्या पाटलांकडून, चषक तमक्या कृषी केंद्राकडून, उत्कृष्ट चढाईपटूला मोबाईल. वडिलांच्या स्मरणार्थ यात्रेच्या महाप्रसादाला ज्वारीचं पोतं देणारे शेतकरी गावोगावी आहेत. त्यांतल्या एखाद्याने पुढच्या वर्षी तसंच एक पोतं कबड्डी बघायला आलेल्यांच्या रात्रीच्या भाकरीसाठी लिहून दिलं, तर मंडळाला ते कोणत्या वहीत जमा करायचं याचा आधी वाद घालावा लागेल.