तेलाची कुपी आणि दोन मुलगे

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७



एका संदेष्ट्याच्या शिष्याची विधवा अलीशाकडे आक्रोश करीत आली, ही कथा आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. नवरा गेला, कर्ज मागे राहिले आणि सावकार तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यास आला होता. या भागावर बोलताना आपण बहुधा तेलाच्या चमत्काराकडे पाहतो. आज त्या दोन मुलांकडे पाहू.

अलीशाने तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले. मग तिने आत जाऊन दार लावून घ्यावयाचे होते. पण मुलांना बाहेर ठेवून नव्हे, मुलांसह. पाचव्या वचनात मुले भांडी आणून देत आहेत आणि आई ओतीत आहे. भांडी संपल्याचे तिला सांगितले तेही मुलानेच. घरातील सर्वांत निकडीच्या कामात त्या लेकरांच्या हाती काहीतरी दिलेले होते.

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात काय किंवा पुण्या-नगरला काय, एकट्याने मुले वाढविणाऱ्या माता आहेत, पिताही आहेत. दिवसभराची नोकरी करून घरी यावे, कणीक मळावी, धुणे काढावे, तर लहानगा पदराला लोंबकळतो. मग त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. अशा मातेला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. थकलेल्या माणसाला बोल नको असतात, उपाय हवा असतो.

उपाय या शास्त्रभागातच आहे. घरी येताच चुलीकडे वळण्यापूर्वी दहा मिनिटे मुलाजवळ बसावे. आईने पोटभर भेट दिलेले मूल मग पुष्कळ वेळ आपले आपण रमते. त्यानंतर त्याला आपल्याजवळच काम द्यावे. तीन वर्षांच्याला कणकेचा गोळा, चार वर्षांच्याला सोलावयास मटारच्या शेंगा, पाच वर्षांच्याला घड्या घालावयास रुमाल किंवा जुळवावयास डबे व झाकणे. "संपले की मला सांग हं," एवढे म्हणावे. चिंचोके, मणी, दाणे मात्र तीन वर्षांखालील मुलाला देऊ नयेत. ती तोंडात घालतात. आरंभी काम हळू होईल, थोडे सांडेलही. ते सोसावे.

ताराबाई मोडक यांनीही पतीपासून विभक्त झाल्यावर नोकरी करीत आपल्या मुलीला वाढविले. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे गावातील बालकांसाठी काम सुरू केले, तेव्हा महाग खेळण्यांची वाट पाहिली नाही. शिंपले, बिया, पाने, दगडगोटे जे भोवती होते तेच बालकांच्या हाती दिले. घरात जे आहे त्यापासूनच आरंभ करावयाचा, हेच अलीशाने त्या विधवेला शिकविले होते.

परंतु घरात जे आहे ते नेहमी पुरत नाही. १८८२ साली पंडिता रमाबाईंचे पती निवर्तले तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी तिला घेऊन बाई इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅम येथे त्या शिकवीत असत त्या काळात मनोरमेला वाँटेजच्या धर्मभगिनींनी सांभाळले. पुढे अमेरिकेत बाईंनी फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. एवढ्या थोर स्त्रीलाही लेकरासाठी दुसऱ्याचा हात लागला!

येथे मंडळीचा प्रश्न येतो. त्या विधवेच्या शेजाऱ्यांनी तेल दिले नाही. ते देवाने दिले. त्यांनी केवळ रिकामी भांडी दिली, आणि जितकी भांडी तितकेच तेल. एखादे घर भांडे नाही म्हणाले असते, तर तेवढे तेल उणे पडले असते. आपल्याजवळ रिकामे काय आहे? निवृत्त आजोबांची संध्याकाळ रिकामी आहे. उपासनेनंतर मंदिराची खोली रिकामी आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास अशा घरातील मुलांना गोष्ट सांगितली, तर आईला बाजार करता येईल, निवांत प्रार्थनाही करता येईल.

आणखी एक. आपल्या मंडळ्यांत विधवा मातेला सहानुभूती मिळते. नवऱ्याने टाकलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या मातेला मात्र पुष्कळदा प्रश्न मिळतात. ती मग मागच्या बाकावर बसते, पुढे येणेच सोडते. तिच्याबरोबर तिची लेकरेही जातात. भांडे मागावयास आलेल्या बाईला कर्ज कसे झाले, हे शेजाऱ्यांनी विचारल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

त्या मातेचे भय एकच होते, की आपली मुले आपल्यापासून जातील. आजच्या मातेचे भयही तेच आहे. एका छपराखाली राहून ती परकी होतील, हे. म्हणून प्रियजनहो, मातांनी दार लावताना मुलांना आत घ्यावे आणि आपण शेजाऱ्यांनी आपले भांडे तिच्या दारी नेऊन ठेवावे. ओतणारा प्रभू विश्वासू आहे. आमेन.