मतदाराने एका पक्षाशी बांधून घ्यावे काय?

निवडणूक जवळ आली म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक वाद हटकून निघतो. एक बंधू म्हणतो, "आमच्या वाडवडिलांनी ज्या चिन्हावर शिक्का मारला, त्याच चिन्हासमोरचे बटण आम्ही दाबणार. आज इकडे, उद्या तिकडे, हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही." दुसरा म्हणतो, "पक्ष म्हणजे दावणच. आपण सुटे राहावे, आणि ज्या वेळी जो बरा दिसेल त्यास मत द्यावे." दोघेही प्रामाणिक असतात व दोघेही आपापल्या बाजूस शास्त्राधार काढून दाखवितात. संकट पडते ते उपदेशकास. कारण रविवारी हे दोघेही त्याच्याच समोर बसावयाचे असतात. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते. कोणत्या पक्षास मत द्यावे हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. तो आमचा अधिकारही नाही.

ज्या देशातून गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती १८१३ साली मुंबईस येऊन उतरले, त्या अमेरिकेत हा प्रश्न अक्षरशः कागदावर लिहिलेला आहे. तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत मतदार यादीत नाव घालताना पक्षाचे नावही विचारले जाते. मनुष्य एखाद्या पक्षाचे नाव लिहितो, किंवा आपण कोणत्याच पक्षाचे नाही असे लिहून स्वतंत्र राहतो. ही नुसती शोभेची गोष्ट नव्हे. तेथे मुख्य निवडणुकीपूर्वी प्रत्येक पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरविण्यासाठी आणखी एक मतदान होते. आणि पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यांत, ज्याचे नाव त्या पक्षाच्या यादीत आहे त्यालाच त्या मतदानात भाग घेता येतो. आता जेथे एकच पक्ष वर्षानुवर्षे निवडून येत असतो, तेथे खरा निकाल ह्या पहिल्या मतदानातच लागून जातो. स्वतंत्र राहिलेला मनुष्य पुढे मत देतो खरा, परंतु पंगत उठल्यावर पान मांडून बसलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत होते. ह्यामुळे कित्येक सज्जन मनाने पक्षातून बाहेर पडलेले असूनही यादीत नाव तसेच ठेवतात. विस्कॉन्सिन, मिशिगन अशा राज्यांत यादीत पक्ष लिहीतच नाहीत. कॅलिफोर्नियातील लोकांनी तर २०१० साली कौल देऊन बहुतेक पदांसाठी हे पहिले मतदान सर्वांस खुले करून घेतले.

त्या देशाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन कोणत्याच पक्षात नव्हते, आणि १७९६ साली पद सोडताना आपल्या निरोपाच्या पत्रात त्यांनी पक्षाभिमानाविषयी लोकांस कडक इशारा दिला. तरी पक्ष झाले ते झालेच. आणखी एक गोष्ट तेथील अभ्यासकांच्या नजरेस आली आहे ती मोठी मार्मिक आहे. स्वतःस स्वतंत्र म्हणविणारे तेथे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांना खोदून विचारले असता ते एका पक्षाकडे झुकलेले निघतात, आणि मतही वारंवार त्यालाच देतात. तात्पर्य, यादीतून नाव काढले म्हणजे मन सुटलेच असे होत नाही.

आपल्या देशात असा रकाना नाही. आपल्या यादीत मतदाराचे नाव, वय, घरक्रमांक व पित्याचे अथवा पतीचे नाव असते. पक्ष विचारण्याचा अधिकार कोणास नाही. इतकेच नव्हे, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमान्वये, आपण कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती मतदारावर करता येत नाही. मग आमची बांधणी कोठली? ती वस्तीची आहे, उसनवारीची आहे, भीतीची आहे, आणि पुष्कळ अंशी कृतज्ञतेची आहे. अमुक पक्षाच्या मनुष्याने दुष्काळात विहिरीचे काम काढले, तमुक पुढाऱ्याने दफनभूमीस जागा मिळवून दिली, म्हणून साऱ्या वस्तीची मते पिढ्यान् पिढ्या त्याच्या वारसांकडे जातात. कृतज्ञता हा सद्गुण आहे ह्यात संशय नाही. परंतु ज्याने विहीर खणविली त्याच्या नातवाने तीच विहीर बळकाविली, तर आजोबाचे उपकार म्हणून नातवास मत द्यावे काय? उपकार मनुष्याचा होता. पक्षाच्या नावाने तो वंशपरंपरेचे वतन होऊ शकत नाही.

येथे आपल्या समाजाचा थोडा इतिहास आठवावा. १९३२ सालच्या जातीय निवाड्याने हिंदी ख्रिस्ती लोकांस निराळे मतदारसंघ दिले, आणि १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या विधानसभेत त्यांच्यासाठी तीन जागा ठेवल्या. म्हणजे ख्रिस्ती मतदाराने ख्रिस्ती उमेदवारालाच निवडावयाचे. आपल्यांतील के. टी. पॉल ह्यांच्यासारख्या दूरदर्शी पुढाऱ्यांस ही रीत प्रथमपासून मान्य नव्हती. समाज कुंपणात कोंडला जाईल व शेजाऱ्यांशी असलेले नाते तुटेल असे त्यांस वाटे. स्वातंत्र्यानंतर निराळे मतदारसंघ गेले, आणि मे १९४९ मध्ये घटना समितीने धर्मावरून दिलेल्या राखीव जागाही काढून टाकल्या. त्या समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, व ह्या निर्णयास त्यांनी मनापासून दुजोरा दिला. आता विचार करा. ज्या कुंपणातून आमचे वडील कायद्याने बाहेर आले, तेच कुंपण आम्ही चालीरीतीने पुन्हा उभारावे काय? कोणी पुढारी वस्तीत येतो, उपदेशकास एकीकडे नेतो, आणि "तुमची किती मते?" असे विचारतो, तेव्हा तो बाजारात मेंढरे मोजल्याप्रमाणे आम्हांस मोजत असतो. आणि आम्ही आकडा सांगतो, तेव्हा त्या मोजणीस आमची संमती असते.

आम्हांस उत्तर मिळेल की, "पाळकसाहेब, महाराष्ट्रात आपण शंभरांत सुमारे एक. विखुरलो तर आपले म्हणणे कोण ऐकणार? एकगठ्ठा राहिलो तर निदान रस्ता तरी होतो." ह्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते हसण्यावारी नेण्याचे आम्हांस धैर्य होत नाही. ज्यांच्या वस्तीस पाणी नाही त्यांस तत्त्वज्ञान सांगणे सोपे असते. तथापि अनुभव असा की, ज्याची मते ठरलेलीच आहेत त्याच्याकडे त्याचा स्वतःचा पक्षही फिरकत नाही, आणि विरुद्ध पक्ष तर मुळीच नाही. शिवाय अनुसूचित जातींतून आलेल्या ख्रिस्ती बांधवांस १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने वगळले गेले, त्या आदेशात १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती लोकांचे गाऱ्हाणे मात्र निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली व गेली तरी एका चौकशीमागून दुसऱ्या चौकशीकडे ढकलले जात राहिले. अशा प्रश्नी एकाच पक्षाच्या पदरास गाठ मारून काय पदरात पडले, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पक्षनिष्ठेचे दुसरे कोडे ह्या राज्याने नुकतेच पाहिले. २०२२ व २०२३ ह्या दोन वर्षांत येथील दोन मोठे पक्ष दुभंगले. नाव व चिन्ह एका बाजूस गेले, आणि कित्येक जुने माणूस दुसऱ्या बाजूस राहिले. "मी मरेपर्यंत ह्याच चिन्हाचा" असे म्हणणाऱ्या वृद्धाने कोणाशी एकनिष्ठ राहावयाचे होते? चिन्हाशी, पुढाऱ्याशी, की ज्या विचारासाठी तो प्रथम त्या पक्षाकडे गेला त्याच्याशी? मनुष्य खरोखर कशाशी बांधला गेला होता, हे गाठ तुटल्यावरच कळून येते. उलट १९५७ ची निवडणूक पाहावी. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न ऐन भरात होता. पिढीजात काँग्रेसला मत देणाऱ्या हजारो कुटुंबांनी त्या वेळी समितीस मत दिले, आणि १ मे १९६० रोजी राज्य झाल्यावर त्यांतील पुष्कळ आपल्या जुन्या पक्षाकडे परतले. त्यांस कोणी फितूर म्हटले नाही. त्यांची निष्ठा पक्षाहून मोठ्या गोष्टीशी होती, आणि पक्ष त्या गोष्टीच्या आड आला तेव्हा त्यांनी तो बाजूस ठेवला.

तर मग सुटे राहावे हेच खरे, असे वाचक म्हणतील. थांबा. सुटेपणाचाही एक दांभिकपणा असतो. "आम्ही कोणाचेच नाही" असे म्हणणारा कित्येकदा मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणाचाच नसतो, आणि त्या रात्री जो पाकीट घेऊन येईल त्याचा होतो. दुसरा सुटा मनुष्य आळशी असतो: सभेस जावयाचे नाही, ग्रामसभेत तोंड उघडावयाचे नाही, उमेदवार ठरतात तेव्हा घरी बसावयाचे, आणि मग "सगळेच चोर" म्हणून मोकळे व्हावयाचे. निवडून देण्याचे सोडाच, उमेदवार निवडण्याचे काम पक्षाच्या आतच होते, आणि ते आत असलेल्यांच्या हातून होते. चांगली माणसे बाहेर राहिली तर आत कोण उरते?

अपक्ष उमेदवारांविषयीही भाबडेपणा नको. १९५७ साली लोकसभेत बेचाळीस अपक्ष निवडून गेले होते. २०२४ साली ते सातच होते. एकटा मनुष्य कितीही सचोटीचा असला तरी कायदे बहुमताने होतात, आणि बहुमत गट करूनच होते. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेला सभासद मागाहून एखाद्या पक्षात शिरला तर त्याची जागा जाते. हा नियम चांगला आहे, कारण लोकांनी त्यास सुटा म्हणून निवडलेले असते. परंतु त्याच दुरुस्तीने पक्षाच्या सभासदास पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास जागा गमवावी लागते, आणि येथे आमच्या मनास टोचणी लागते. घोडेबाजार थांबावा हा हेतू योग्य. परंतु सद्सद्विवेकबुद्धीने उठलेला एक हातही त्यात दाबला जातो.

सद्सद्विवेकबुद्धीचा विषय निघाला म्हणून शास्त्राकडे वळू. करिंथ येथील मंडळीत पौलाचे, अपुल्लोसाचे व केफाचे असे तट पडले होते, आणि प्रेषिताने त्यांस कसे खडसावले हे पहिल्या पत्राच्या आरंभीच वाचावयास मिळते. हा दाखला देऊन काही बंधू पक्षमात्र पाप असे ठरवितात. परंतु तेथील तट मंडळीच्या आत, ख्रिस्ताच्या नावावर पडलेले होते. राज्यकारभाराविषयी मतभेद असणे ही निराळी गोष्ट होय. प्रभूच्या बारा शिष्यांत रोमी सरकारचा जकातदार मत्तय होता, आणि जिलोत म्हटलेला शिमोनही होता. एकाने त्या सरकारची वसुली केलेली, आणि दुसऱ्याच्या नावावरच त्या सरकारच्या द्वेष्ट्यांची छाप. दोघे एका ताटात जेवले.

आम्हांस ह्या प्रश्नात सर्वांत उपयोगी वाटतो तो अरिमथाईकर योसेफ. हा न्यायसभेचा सभासद होता. त्या सभेने प्रभूस मरणदंडास योग्य ठरविले, आणि लूक स्पष्ट नोंदवितो की योसेफाने त्या मसलतीस व कृत्यास संमती दिलेली नव्हती. तो सभासद होता हा त्याचा दोष कोणी मानीत नाही. सभासद असूनही त्याचा होकार त्याच्या स्वतःच्या हाती राहिला, आणि सभेचा रोष पत्करून तो पिलाताकडे देह मागावयास गेला. पक्षात राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने आपल्या मनास विचारावे की, आपला पक्ष अन्यायाचा ठराव करील त्या दिवशी आपला हात खाली राहील काय? तसे धैर्य असेल तर त्याने खुशाल पक्षात जावे, काम करावे, उमेदवार ठरविताना भांडावे. ज्याला तसे धैर्य नाही त्याने निदान पावती फाडू नये.

आमच्या शेतकरी वाचकांस पैरा ठाऊक आहे. एकाकडे एकच बैल, दुसऱ्याकडे एकच; पेरणीपुरते दोघे जोत जुळवितात, आज ह्याचे रान, उद्या त्याचे. काम झाले की ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. पैऱ्यात गेलेला बैल रात्री दुसऱ्याच्याच दावणीस राहू लागला आणि धनी त्यास विचारीनासा झाला, तर त्यास कोणी पैरा म्हणत नाही. पक्षाशी आमचे नाते पैऱ्याचे असावे असे आमचे मत आहे. एकट्या बैलाने नांगर ओढत नाही, म्हणून जोडी हवी. परंतु दर हंगामास जोडी पुन्हा जुळवावयाची असते, आणि तीही रानाकडे पाहून.

उपदेशकांविषयी निराळे लिहिले पाहिजे. त्यांसही मत आहे व ते त्यांनी अवश्य द्यावे. परंतु पक्षाचे पद घेऊ नये असे आम्हांस वाटते, आणि व्यासपीठावरून तर उमेदवाराचे नावही काढू नये. हे केवळ आमचे सांगणे नव्हे. वर सांगितलेल्या कायद्याच्या १२३ व्या कलमात, अमक्यास मत दिल्यास वा न दिल्यास देवाचा कोप होईल किंवा धर्माचा ठपका येईल असे मतदाराच्या मनात भरविणे हा भ्रष्टाचार गणला आहे. धर्माच्या नावावर मते मागण्यासही तेथे मनाई आहे, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ती मनाई उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराच्या धर्मासही लागू असल्याचे ठरविले. तेव्हा "ख्रिस्ती बंधूंनो, तुमचा धर्म पाहून मत द्या" असे म्हणणारा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्यास मंडळीच्या अंगणातून नम्रपणे वाट दाखवावी.

राहता राहिली ग्रामपंचायत. महाराष्ट्रात ही निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही. गावात पॅनेल उभी राहतात. म्हणजे कायद्याने येथे सगळेच अपक्ष. आणि तरीही सर्वांत कडवट भांडणे येथेच होतात, कारण समोरचा उमेदवार चुलत भाऊ असतो, आणि हरलेल्यास जिंकलेल्याच्याच नळाचे पाणी प्यावयाचे असते. एका पॅनेलातील कुटुंब दुसऱ्या पॅनेलातील कुटुंबाशेजारी प्रभुभोजनास बसत नाही, असे एखाद्या मंडळीत घडते. तेथे पाळकाने निकाल लागण्याची वाट पाहू नये. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही घरी जावे, एकाच दिवशी जावे, आणि दोन्हीकडे चहा घ्यावा.