प्रतीक्षा यादी आणि सब्र

‘वेटिंग’ हा शब्द आपल्या बोलीत रेल्वेने आणला. चाळीस वेटिंग, बारा वेटिंग. कोणी तिकीट रद्द केले की आपला क्रमांक एकाने पुढे सरकतो. आता जून-जुलैत हाच शब्द घराघरांत ऐकू येतो. मुलगा फार्मसीला वेटिंगवर आहे, मुलगी नर्सिंगला वेटिंगवर आहे. गाडीतली न मिळालेली जागा एका रात्रीपुरती असते. इथे अठरा वर्षांच्या पोराला वाटते की गाडी गेली ती कायमचीच.

ज्याला सरळ नकार मिळतो तो दोन दिवस रडतो आणि दुसरी वाट धरतो. यादीत क्रमांक लागलेल्याला रडताही येत नाही आणि निघताही येत नाही. त्याचे भवितव्य अशा माणसाच्या हाती असते ज्याला त्याने कधी पाहिलेलेही नसते.

आम्ही काही शिक्षक मंडळी दरवर्षी या दिवसांत मुलांचे अर्ज भरून द्यायला बसतो. तिथे एकदा एका आईने विचारले, “सर, माझ्या पोरीचा नंबर चौथा आहे. चौघींनी जागा सोडल्याशिवाय तिला मिळणार नाही. मग मी रोज नमाजनंतर दुआ मागते, ती कुणाच्या तरी नुकसानाची दुआ होते का?” प्रश्न साधा वाटतो, पण तो नीतिशास्त्राच्या मुळाशी जातो.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये हसद आणि गिब्ता यांत फरक केला आहे. दुसऱ्याची नेमत नाहीशी व्हावी असे वाटणे हा हसद. त्याची त्याच्याकडे राहो, मलाही तशी मिळो, हा गिब्ता. आपण त्याला रश्क म्हणतो. पहिला हराम आहे, दुसऱ्याला मनाई नाही. पण प्रतीक्षा यादी या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाही. जागा मोजक्या असतात. ती तिच्याकडे राहून माझ्या मुलीला मिळूच शकत नाही.

तरीही आम्हांला वाटते, वाट निघते. जागा सोडणारी मुलगी बहुधा अधिक चांगले मिळाले म्हणून सोडते. तिला तिच्या मनासारखे मिळो आणि ही जागा मोकळी होवो, अशी दुआ कुणाचे वाईट चिंतीत नाही. मात्र तिच्या बापाला फीचे पैसे जमू नयेत, तिचे कागद अपुरे निघावेत, असे मनात आले की हसद सुरू झाला. ती तिथेच सुखाने शिकणार असेल, तर आपली दुआ तिच्या दारात थांबली पाहिजे. हे कठीण आहे. त्या आईला आम्ही हेच सांगितले. ती म्हणाली, “दुआ तर तशी मागेन, पण मन ऐकेल का?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलीचा क्रमांक दोनपर्यंत आला आणि यादी बंद झाली. ती तालुक्याच्या महाविद्यालयात बी. एस्सी.ला गेली.

गझालींनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. जिथे वस्तू थोडी आणि मागणारे अनेक, तिथे हसद वाढतो. खरे ज्ञान तसे नाही. एकाचे हृदय त्याने भरले म्हणून दुसऱ्याचे रिकामे राहत नाही. वाचायला हे फार सुंदर आहे. पण परिचारिका म्हणून नोंदणी व्हायची तर मान्यताप्राप्त संस्थेचेच शिक्षण लागते, आणि संस्थेत जागा मोजलेल्या असतात. ज्ञानाची उदारता जागांना लागू पडत नाही, म्हणून नीतीचा विचार जागांबाबतच करावा लागतो.

तो आधी जागा अडवणाऱ्यांबद्दल करायला हवा. तीन ठिकाणी फी भरून शेवटच्या दिवसापर्यंत तिन्ही जागा धरून ठेवणे याला आपण हुशारी म्हणतो. पडीक जमिनीला कुंपण घालून ती कसायची नाही, असे जो करतो त्याचा हक्क तीन वर्षांनंतर राहत नाही, हा नियम फिकहच्या ग्रंथांत हजरत उमर यांच्या नावे सांगितला जातो. आमच्या मते बाकावर न बसता अडवलेली जागा म्हणजे असलेच कुंपण. फी बुडेल ही भीती खरी असते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडे प्रक्रियाशुल्क (जास्तीत जास्त ५,००० रुपये) कापून बाकी रक्कम परत द्यावी लागते. मूळ प्रमाणपत्रेही संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. हे आपल्या घरांत कोणी सांगत नाही.

आता सब्र. निकाल लागत नाही तोवर ‘सब्र करो’ म्हणणारे फार भेटतात, आणि त्यांचा अर्थ बहुधा ‘गप्प बसा’ एवढाच असतो. हजरत हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. प्रत्येक हाजी आजही त्या धावण्याची आठवण म्हणून सई करतो. सब्राचे याहून मोठे उदाहरण आम्हांला माहीत नाही, आणि त्यात बसून राहणे कुठेच नाही.

शिवाय सगळी प्रतीक्षा नशिबाने वाट्याला येत नाही. बागवान, तांबोळी, पिंजारी मुलांना इतर मागासवर्गात जागा मिळू शकते. पण त्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. ही वाट पाहायला अल्लाहने लावली असे आम्ही म्हणणार नाही. जुलै २०१४ मध्ये राज्य शासनाने मुस्लिमांतील मागास गटांसाठी ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण स्थगित केले, शिक्षणातील मात्र पूर्णपणे थांबवले नाही. डिसेंबरमध्ये वटहुकूमाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे न्यायालयाने जे दार थोडे उघडे ठेवले होते, ते विधिमंडळात बंद झाले. त्या वेळी अर्ज भरलेली मुले आता संसाराला लागली असतील.

आणि मुलींचे वेगळेच आहे. मुलगा वेटिंगवर असला तर घर वाट बघते. मुलगी वेटिंगवर असली तर स्थळे येऊ लागतात. ‘नाहीतरी बसूनच आहे’ असे म्हणत खाला, फुफी फोटो मागतात, आणि तिसरी फेरी जाहीर होईपर्यंत मंगनीची तारीख निघते. अशा घरांना आम्ही आधी यादीची शेवटची तारीख विचारतो आणि कॅलेंडरवर तिच्याभोवती गोल करायला लावतो. तोपर्यंत स्थळाची बोलणी नकोत. जवळच्या महाविद्यालयात एक प्रवेश आजच पक्का करा, फीची पावती जपा, आणि वरची जागा मिळाली तर खालची त्याच दिवशी सोडा. तिथेही कोणीतरी वेटिंगवर असेल. धाकट्या भावंडांच्या दाखल्यांचे काम दहावीच्या सुट्टीतच सुरू करा. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर सापडायला वेळ लागतो.