जुन्या सर्व्हरची देणी

कार्यालयातला जुना सर्व्हर काढून नवा बसवला, केबली बदलल्या, ईमेलची सगळी व्यवस्था दुसरीकडे नेली, दरम्यान साहेबांची बदली झाली आणि बडे बाबूही निवृत्त झाले, तर पाटी तीच असलेले ते कार्यालय तेच राहिले का? प्रश्न रिकामपणचा वाटेल. पण काटोलसारख्या तालुक्याच्या गावी तो कोणाच्या ना कोणाच्या पोटाशी येऊन भिडतोच. तहसील, पंचायत समिती, बँक अशा ठिकाणी संत्राउत्पादकाचे निम्मे आयुष्य नोंदींच्या रूपाने पडलेले असते: सातबाऱ्यावर बाग लागली आहे की नाही, आंबिया बहाराचा विमा कधी उतरवला, गारपिटीनंतरचा पंचनामा कोणत्या तारखेचा. अशा शेतकऱ्याला उद्या कोणी सांगितले की तुमचा अर्ज जुन्या सिस्टीममध्ये होता, आता दिसत नाही, तर त्याने दाद मागायची कोणाकडे? अर्ज घेणारे कार्यालय आणि आज हात वर करणारे कार्यालय एकच असेल, तरच त्याच्या हक्काला अर्थ आहे. माझे म्हणणे असे की आपल्या आधीच्या शब्दाला बांधील राहण्याची क्षमता हीच संस्थेची ओळख. ती टिकवण्यासाठी जुनाट यंत्रणा बदलणे हा धर्म आहे, आणि मागची स्मृती टाकून ती बदलणे हा अधर्म.

धर्म हा शब्द इथे मोठा वाटला तरी तो जाणूनबुजून वापरला आहे, कारण सगळे काही बदलत असताना जबाबदारी कोणाची उरते, हा आपल्या दर्शनांचा जुना वाद आहे. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला आंबेचोराचा दाखला देतात. चोर म्हणतो, याने लावलेला आंबा वेगळा आणि मी नेलेले आंबे वेगळे, मग मी दोषी कसा? राजाला हा बचाव पटत नाही, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यातूनच आले. कायम टिकणारा आत्मा न मानताही कर्माचा हिशेब चुकत नाही; कारणांची साखळी अखंड असली म्हणजे पुरे, अशी ही भूमिका. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना ती पटली नाही. डोळ्यांनी पाहिले तेच मी हाताने धरतो, ही ओळख पटायला दोन्ही अनुभवांना सांधणारा कोणी एक हवा, असा त्यांचा आग्रह. माणसाच्या बाबतीत हा वाद कोणी जिंकला ते इथे ठरवायचे कारण नाही. कार्यालयाला आत्मा आहे असे नैयायिकही म्हणणार नाहीत, म्हणून तिथे नागसेनांची साखळीच खरी. पण नैयायिकांची अट मात्र सुटत नाही: कालचे आणि आजचे सांधणारे काहीतरी लागतेच, आणि कार्यालयात ते काम नोंद करते. नोंद तुटली की साखळी तुटली, आणि आंबेचोराचा बचाव कार्यालयाच्या तोंडी शोभू लागतो.

काटोलच्या वाचकाला हे बागेतून चटकन कळेल. नागपुरी संत्र्याचे कलम स्वतःच्या मुळावर उभे नसते. खाली जंभेरीचा किंवा रंगपूर लाईमचा खुंट असतो, वर मातृवृक्षावरून आणलेला डोळा. जंभेरी डिंक्या रोगाला लवकर बळी पडते, म्हणून नवी लागवड करताना खुंट बदलण्याचा विचार होतो, आणि खुंट बदलला तरी फळ संत्र्याचेच येते, कारण डोळा तोच. जुन्याच खुंटाचा हट्ट धरला तर बाग हातची जाते. पण डोळा बांधायचाच राहिला, तर खुंट जोमाने वाढेल आणि फळ जंभेरीचे देईल. नवा सर्व्हर झपाट्याने चालतो म्हणून खूश होणाऱ्यांनी आधी फळ पाहावे.

महसूल खात्याच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ, पण बदल कसा करावा याची एक उत्तम रीत त्याच खात्याने संगणकाच्या आधीपासून पाळली आहे. जमीन विकली गेली की हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खरवडून काढत नसत. त्या नावाला कंस करत, नवे नाव चढवत आणि ज्या फेरफाराने हे घडले त्याचा क्रमांक तिथेच लिहीत. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात त्यामागची शिस्त आहे: नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस, चावडीत प्रसिद्धी, हरकतीसाठी 15 दिवस, आणि मगच नोंद प्रमाणित. म्हणजे बदल होतो, पण तो कुठून आला हे त्याच कागदावर दिसते. पुढे सातबारा संगणकावर चढला तेव्हा नावे, क्षेत्रे, आणेवाऱ्या चुकल्या. म्हणून 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचन घेतले गेले. संगणकातला उतारा गावासमोर वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवायची. एका यंत्रणेतून दुसरीकडे माहिती नेताना ती तपासण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला ठाऊक नाही, कारण इथे खरे-खोटे ठरवताना ज्याचे नुकसान होणार त्यालाच विचारले जाते.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' ही हरकत सर्वांत जास्त ऐकू येते. तिच्यात थोडे तथ्य आहे: घाईच्या बदलांनीही नोंदी गहाळ होतात. पण जुने चालते आहे हा पुरावा फसवा. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या संगणकी विषाणूने जगभरचे संगणक बंद पाडले, तेव्हा तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, किंवा ज्यांची यंत्रे इतकी जुनी की ती वेळेत मिळालीच नाही, ते सापडले. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या हा तसाच विषाणू आला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीतील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. कोणाला नेटवर्कमध्ये प्रवेश द्यायचा हे ठरवणारे मर्स्कचे जगभरचे सर्व्हर पुसले गेले. घानातला एकच वाचला, तोही ऐन वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर नोव्हेंबर 2022 मध्ये असाच सायबर हल्ला झाला. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, असे कारण सरकारने संसदेत दिले, आणि रुग्णांची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. हजारो लोकांची स्मृती ज्याच्या स्वाधीन आहे, त्याने ती नशिबावर सोडणे ही ठेव सांभाळण्यातली कसूर आहे. मनात वाईट हेतू नव्हता, एवढ्याने ती माफ होत नाही.

ईमेलकडे तर आपण अजून नोंद म्हणून पाहतच नाही. आवक-जावक रजिस्टरात न चढलेला निर्णय पुष्कळदा मेलमध्येच असतो. तो मेल अधिकाऱ्याच्या खासगी खात्यात असेल तर बदलीबरोबर जातो. बाबूच्या टेबलावरच्या संगणकात उतरवून ठेवला असेल तर हार्डडिस्कबरोबर मरतो. केंद्र सरकारने 2015 च्या ईमेल धोरणात सरकारी काम सरकारी मेलवरच करण्याचा दंडक घातला, तो याच कारणाने योग्य होता. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे सातवे कलम आणखी पुढे जाते: इलेक्ट्रॉनिक नोंद जपली असे म्हणायचे, तर ती पुढेही उघडता आली पाहिजे आणि कोणाकडून, कोणाला, कोणत्या दिवशी व वेळी गेली हेही तिच्यासोबत राहिले पाहिजे. मेल नव्या व्यवस्थेत नेताना नेमके हेच बिघडते. मजकूर पोचतो, पण सगळ्या मेलवर स्थलांतराचीच तारीख चढते, जोडपत्रे उघडत नाहीत. मुदतीत हरकत घेतली होती हे ज्याला सिद्ध करायचे आहे, त्याच्यासाठी असा मेल नसल्यातच जमा.

दुसरी हरकत मला अधिक गंभीर वाटते. विसरणे हाही गुण आहे, आणि सरकारने सगळे कायम लक्षात ठेवणे भयावह आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागेही हीच काळजी आहे: काम संपलेली माहिती विनाकारण साठवू नये. पण ठरवून, मुदत संपल्यावर, यादी करून, सहीनिशी नष्ट केलेली नोंद आणि सर्व्हर बदलताना हरवलेली नोंद यांत मोठे अंतर आहे. पहिलीत कार्यालय आपल्या विसरण्याचीही जबाबदारी घेते. दुसरीत ती कोणीच घेत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तालुक्याच्या कार्यालयात तो खोटा नाही. तिथे बहुधा पूर्णवेळ तंत्रज्ञ नसतो आणि निविदा यंत्रांची निघते. पण नवे यंत्र एकवेळ थोडे कमी ताकदीचे घेतले तरी चालेल. जुने मेल आणि फाइली मूळ तारखांसह नेणे, नेण्याआधीची आणि नंतरची मोजणी जुळवणे, काही अर्जदारांना बोलावून त्यांचीच प्रकरणे पडद्यावर उघडून दाखवणे, आणि तोवर जुना सर्व्हर नेटवर्कपासून तोडून फक्त वाचण्यापुरता ठेवणे, हे काम निविदेच्या अटींत पहिल्या पानावर असावे, आणि ते पुरे झाल्याची सही कंत्राटदाराबरोबर कार्यालयप्रमुखानेही करावी.