एका मताचा जमाखर्च

दिवाळीची सुटी होती. कुंभार पिंपळगावातील एका ओसरीवर, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाला पाठ टेकून, पुण्यात हिशेबनिसाची नोकरी करणारा भाचा आणि त्याचे निवृत्त शिक्षक मामा यांच्यात जो वाद रंगला, तो मी निमूट श्रोता असल्यामुळे बराचसा जसाच्या तसा स्मरणात राहिला आहे.

"मामा, २० नोव्हेंबर २०२४ रोजी मी मतदानास आलो नाही, याचा सल तुमच्या मनात आहे; परंतु आपल्या घनसावंगी मतदारसंघाचा निकाल २,३०९ मतांच्या फरकाने लागला. मी येऊन तो २,३०८ किंवा २,३१० झाला असता. एवढ्यासाठी दोन दिवसांची रजा आणि जाण्यायेण्याचे भाडे खर्ची टाकावे?"

"निकालानंतर मांडतोस तो पंचनामा, बाबा. मत द्यायचे असते ते निकाल अज्ञात असताना. २०१४ साली जालन्याची जागा २९६ मतांनी गेली, २००८ साली राजस्थानातील नाथद्वारात सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पडले. आदल्या रात्री हे कोणास ठाऊक होते?"

"ते अपवाद!"

"मग अपवादच मोजू. चुरशीच्या लढतीत फरक दोन्ही बाजूंना पाच हजारांच्या आत कोठेही पडू शकतो असे धरले, तर तुझ्या मताने पारडे फिरण्याचा संभव दहा हजारांत एक. चांगल्या प्रतिनिधीमुळे तीन लाख माणसांचे दरडोई शंभर रुपयांचे हित होते असे मान. एकूण तीन कोटी. त्याचा दहा हजारावा हिस्सा तीन हजार रुपये, हे तुझ्या मताचे अपेक्षित मूल्य."

"त्यातून माझ्या पदरी पडतो एक पैसा!"

"खरे आहे. केवळ स्वतःपुरते पाहणाऱ्याने खुशाल घरी बसावे. त्याचा हिशेब चुकत नाही."

"आणि मी निवडलेलाच नालायक निघाला तर? तेच तीन हजार नावे पडतील."

हा आक्षेप मला पहिल्याहून वजनदार वाटला. मामाही क्षणभर कापसातली सरकी चाचपत राहिले.

"दहांत सहा वेळा तुझी पारख खरी ठरत असेल, तर तीन हजारांचे सहाशे उरतात, पाचच वेळा ठरत असेल, तर शून्य. म्हणजे भाड्याआधी पारखीचा प्रश्न येतो. त्या वेळी उमेदवारांची शपथपत्रे, विधानसभेतील त्यांची मागची कामगिरी, यांतले तू काय वाचले होतेस?"

"काहीच नाही," भाचा म्हणाला. "बसच्या वेळा मात्र दोन दिवस पाहत होतो."