उन्हाळ्यातला फ्रिज

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला एका गावात गुरुजींचं घर होतं. चार खोल्या, मागे फरसबंद अंगण, अंगणात नळ आणि धुण्याचा दगड. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले आणि माई घर सांभाळणाऱ्या. एप्रिलमध्ये धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली.

पहिल्या आठवड्यात माईंनी तिला घराची रीत सांगितली. तुळशीला पाणी कधी घालायचं, दूध कोणाकडून घ्यायचं, गुरुजींचा चहा किती गोड. त्याच ओघात, त्याच सुरात त्या पुढे म्हणाल्या, "कूलरले हात लावायचा असंल तर पायात चप्पल पाह्यजे. पाणी भरतानी तर नक्कीच. बाथरूमचं बटन बोटानं नको दाबू, तिथं लाकडाची काडी ठेवली आहे. मिक्सरचा प्लग जरासा डावीकडे दाबून धरावा लागते. अन् फ्रिज उघडतानी पायपोसावर उभी राह्यजो, उन्हाळ्यात मुंग्या येतात."

"उन्हाळ्यातच येतात?"

"हो. हिवाळ्यात काही होत नाही. गरमीनं होत असंल."

सुनेचे वडील जन्मभर लाईनमन होते. गरमीनं फ्रिजला मुंग्या येत नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण घरात येऊन आठ दिवस झालेल्या मुलीनं सासूबाईंना काय सांगावं? ती गप्प राहिली. आपल्याकडे हे फार होतं. घरातल्या ज्या गोष्टी बाकीच्यांना दिसेनाशा झालेल्या असतात, त्या नव्या सुनेला पहिल्याच दिवशी दिसतात. आणि बोलायची मुभा सगळ्यांत कमी तिलाच असते.

ती गप्प राहिली तरी पाहत राहिली. मे लागला, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, कूलर दुपारभर घरघरू लागला. सकाळी फ्रिजच्या दाराला हात लावला तर काही नाही. दुपारी लावला तर बोटांत झिणझिण्या. एके दिवशी भर दुपारी कूलरची टाकी धुवायची म्हणून प्लग काढून ठेवला होता, तेव्हा तिनं मुद्दाम माहेरून आणलेला टेस्टर फ्रिजच्या कडीला लावला. पेटला नाही. कूलर सुरू झाल्यावर पुन्हा लावला, तर टेस्टरमधला लाल दिवा पेटला. कूलर पुढच्या खोलीत आणि फ्रिज स्वयंपाकघरात, मध्ये दोन भिंती. तरी एकाचा करंट दुसऱ्यात येत होता.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी नीट ऐकून घेतलं, रागावले नाहीत. "अगं, घराची अर्थिंग मी स्वतः उभं राहून करून घेतली आहे. कूलरला तीन पिनांचा प्लग आहे. थोडंफार लागतं, पण इतक्या वर्षांत कोणाला काही झालं का? घरातल्या सगळ्यांना माहीत आहे कुठं कसा हात लावायचा ते."

"ज्याला माहीत नाही असं कोणी आलं तर, बाबा?"

"कोण येणार आहे?" गुरुजी म्हणाले. "मृग लागू दे, वायरमनला बोलावू. आत्ता लग्नसराईत तो सापडायचा नाही."

धुणंभांडी करायला मावशी यायच्या. शाळेला सुट्या लागल्या होत्या, म्हणून एके दुपारी त्यांचा सात वर्षांचा नातू बरोबर आला. अंगणातल्या नळावर त्यानं हातपाय धुतले, डोक्यावर पाणी घेतलं आणि ओल्या पायांनी पुढच्या खोलीत पळाला. कूलरसमोर उभा राहिला. गार वारा तोंडावर यावा म्हणून त्यानं दोन्ही हातांनी समोरची जाळी धरली.

तो ओरडला नाही. करंट हातातून गेला की मूठ आवळते आणि उघडत नाही. छातीचे स्नायूही आखडतात, आवाज कुठून निघणार? समोर आरामखुर्चीत बसलेल्या गुरुजींना आधी वाटलं, पोरगा खेळतो आहे. मग त्याचे डोळे दिसले. गुरुजी उठले आणि हात पुढे करून धावले.

"बाबा, त्याले हात नका लावू!"

सून सासऱ्यांवर त्या घरात पहिल्यांदाच ओरडली होती. गुरुजी जागच्या जागी थबकले. ती त्यांच्या बाजूनं मधल्या खोलीत धावली आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. पंखे मंदावले, कूलरची घरघर थांबली आणि पोरगा जमिनीवर कोसळला.

गुरुजींनी त्याला धरलं असतं तर त्यांच्याही अंगातून करंट गेला असता. त्यांना सोडवायला माई आल्या असत्या, माईंना ओढायला मावशी. एका घरातली दोन-तीन माणसं एका तारेला लागून गेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो, त्या अशाच घडलेल्या असतात. प्रेम माणसाला आधी हात पुढे करायला लावतं. त्या क्षणी आधी बटनाकडे, मेन स्विचकडे पळायचं, हे मनात अगोदरच ठरलेलं असावं लागतं. मेन स्विच जवळ नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं तार दूर करायची. पण तीही घरातली 230 व्होल्टची असेल तरच. रस्त्यावरच्या मोठ्या लाईनच्या जवळही जायचं नाही.

पोरगा श्वास घेत होता. थोड्या वेळानं रडू लागला, आणि ते रडणं ऐकून मावशी मटकन खाली बसल्या. तळहातावर पांढरट डाग पडला होता. माई म्हणाल्या, आता बरा दिसतो आहे, हळद लावू. सुनेनं मात्र 108 ला फोन लावला. करंट छातीतून गेला असेल तर हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. सरकारी दवाखान्यात ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

सकाळीच सुनेचे वडील आले. चहा नको म्हणाले. हातात टेस्टर, पक्कड आणि बल्ब लावलेला होल्डर. बोर्ड उघडायच्या आधी ते माईंसमोर बसले.

"विहीणबाई, पोरीले तुमी घरात आल्याबरोबर काय काय सांगितलं होतं, ते मले सांगा. कुठं चप्पल घालायची, कुठं काडी वापरायची. मले मंग शोधत बसायचं काम नाही."

माईंनी एकेक सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज उतरत गेला.

जिथं काडी होती, तिथं भिंतीत ओल मुरून बटनाच्या मागे पाणी पोचलं होतं. मिक्सरचा प्लग डावीकडे दाबावा लागायचा, त्या सॉकेटची आतली पट्टी सैल होऊन जळली होती. वरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं रोज सगळे पाहत होते. ओट्यावरच्या दिव्याचं बटन न्यूट्रलवर होतं, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये करंट जिवंतच. फ्यूजमध्ये फ्यूजची बारीक तार नव्हतीच. सारखा उडतो म्हणून कोणीतरी तांब्याची जाड तार पिळून घातली होती.

मग ते अर्थिंगच्या तारेमागे निघाले. बोर्डापासून ती भिंतीवरून अंगणात आली होती आणि नळाच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्पनं घट्ट बांधलेली होती. गुरुजी म्हणाले, "पाहा, आहे की नाही?" व्याह्यांनी पाइपाच्या बुडाशी हातानं माती उकरली. वीतभर लोखंड, त्याच्या खाली निळा प्लॅस्टिकचा पाइप. चार वर्षांपूर्वी गावात नळाची नवी लाईन आली तेव्हा जमिनीतला जुना पाइप काढून टाकला होता.

गुरुजी त्या निळ्या पाइपाकडे पाहत राहिले.

घरातल्या सगळ्या तीन पिनांच्या प्लगच्या जाड पिना आतून एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि जमिनीला कोणीच जोडलेलं नव्हतं. कूलरच्या पाण्यातल्या पंपाचं वेष्टण कुजलं होतं. तिथून करंट कूलरच्या पत्र्यात यायचा, जमिनीत जायला वाट नाही म्हणून अर्थिंगच्या तारेनं उलटा घरात शिरायचा आणि फ्रिजच्या दारात येऊन बसायचा. हिवाळ्यात कूलर बंद, म्हणून फ्रिज चांगला.

"पण मग फ्यूज का नाही उडाला?" गुरुजींनी विचारलं. "जाड तार होती म्हणून?"

"बारीक असती तरी नसता उडाला. फ्यूज तार वाचवाले असते, गुरुजी, माणूस वाचवाले नाही. साठ वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेते. माणसाचं काळीज बंद पडाले त्याच्याहून लय कमी पुरते. फ्यूजले तेवढ्याचा पत्ताही लागत नाही."

नव्या फ्लॅटमध्ये एमसीबी आहेत म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी पडते. माणसाला शॉक लागतो आहे हे तिला कळत नाही. ते कळतं आरसीसीबीला. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हा हिशेब ती सतत पाहत असते. 30 मिलिअँपिअर कमी परतले की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती वीज तोडते. घर बांधताना दाराच्या कोरीव कामावर आपण जेवढं खर्चतो, त्याच्या थोड्याशा भागात ती बसते.

परवानाधारक वायरमन लग्नसराईतही दुसऱ्याच दिवशी मिळाला. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून पाइप पुरला, अर्थिंगची तार तिथं नेली. आरसीसीबी बसली. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटन दाबायचं काम गुरुजींनी स्वतःकडे घेतलं. कूलरला नवा पंप आला, आणि पाणी भरण्याआधी प्लग काढायचा हे ठरलं.

संध्याकाळी माईंनी डब्यात शिरा घेतला आणि व्याह्यांना म्हणाल्या, "पोराले पाहून येऊ. तुमीही चला, तुमचं सामान घेऊन."

मावशींचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर, पत्र्याचंच दार. छपराच्या खांबापासून समोरच्या बाभळीपर्यंत कपडे वाळत घालायची लोखंडी तार. पोरगा बाहेर गोट्या खेळत होता, हाताला पट्टी. मावशींनी सगळ्यांना बसायला सतरंजी टाकली.

माईंनी विचारलं, "तुमच्या घरी कुठं शॉक लागते का वो?"

"नाही बाप्पा," मावशी म्हणाल्या. "आमच्या घरी कूलर कुठला? एक पंखा अन् एक बल्ब. हां, पावसात दाराची कडी फडक्यानं उघडावी लागते. तारेवरचे कपडेही तवा कोरड्या काठीनंच काढतो आमी. लेकरायले सांगून ठेवलं आहे."

व्याही सतरंजीवरून उठले आणि बाहेर येऊन वर पाहू लागले. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर ढिली होऊन पत्र्याच्या धारेवर टेकली होती. वाऱ्यानं घासून घासून तिचं रबर तिथं झिजलं होतं आणि आतली तार उघडी पडली होती.

त्यांनी पोराला खांबापासून दूर बोलावलं आणि महावितरणच्या 1912 क्रमांकावर फोन लावला. माईंनी शिऱ्याचा डबा पुन्हा झाकला. वायर बदलून होईपर्यंत मावशी आणि नातू आमच्याच घरी जेवतील आणि झोपतील, असं त्यांनी सांगितलं, आणि वाटेत दुकानातून कपडे वाळवायला पंचवीस हात नायलॉनची दोरी घेतली.